आगीच्या दुपारनंतर

शहरातले बातम्यांचे फोटोग्राफर तिला ताई म्हणत. वयाने मोठी म्हणून, आणि मोर्चात पोलिसांशी हुज्जत घालायला तीच पुढे व्हायची म्हणूनही. पूर्वी ती एका वर्तमानपत्रात पगारावर होती. मग फोटो विभागच बंद झाला आणि सगळ्यांना सांगण्यात आलं, "बाहेरून काम करत राहा." तेव्हापासून ती बाहेरच होती.

त्या दुपारी प्लास्टिकच्या कारखान्याला आग लागली. ताई भावाची स्कूटर घेऊन पोचली, मागच्या भिंतीवर चढली. डोळे चुरचुरत होते, तरी हवे ते फोटो मिळाले. तिथूनच तिने वर्तमानपत्राच्या उपसंपादकाला फोन लावला.

"ताई, पान लागलं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून पाठवलाय. जरा हललाय, पण चालतोय."

"माझा बघ तरी."

"बघून काय करू? तो फुकट आलाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझंही इथे काही खरं नाही."

ती चिडली नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो.

फाटकाशी एका बाईने तिचा दंड धरला. त्या बाईचा नवरा आत कामाला होता, फोन लागत नव्हता. "तुमच्या फोटोत दिसतो का बघता?"

ताई एकेक फोटो मोठा करून दाखवू लागली. एकात मागच्या दाराबाहेर कुणीतरी नुसत्या बनियनमध्ये बसला होता, गुडघ्यात डोकं खुपसून.

"हाच. पाठीवरून ओळखते मी." बाई धावत सुटली. आभार मानायचं राहूनच गेलं.

घरी वहिनीने विचारलं, "येणार का छापून?"

"नाही."

"माझ्या भावाला दुकानात माणूस हवाय. पासपोर्टचे फोटो काढायला. सावलीतलं काम आहे, वन्सं."

ताईने दोन्ही बूट काढले, भिंतीशी नीट लावले आणि म्हणाली, "सांग त्याला, येते."

आता ती तिथेच असते. कधीमधी बातमीसाठी बोलावणं आलं तर जाते, पण येत नाही फारसं. परवा तिच्याबरोबर मोर्चे केलेला एक जुना फोटोग्राफर आला आणि स्टुलावर बसला. त्याला टॅक्सीच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. ताईने कॅमेरा उचलला.

"हसू का?" त्याने विचारलं.

"परवान्याला हसू चालत नाही," ताई म्हणाली. "हनुवटी जरा वर घे."