मुंगीताईचं तण

मुंगीताई हे नाव प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी ठेवलं होतं आणि त्यात आदर औषधालाही नव्हता. बाई पन्नाशीला टेकलेली, डॉक्टरेट मिळालेली, नोकरी मात्र अजून कराराची. कित्येक वर्षं ती मोहरीच्या जातीच्या एका किरकोळ तणामागे हात धुऊन लागली होती. त्यातलं एक जनुक फुलाच्या बुडाशी मधग्रंथी घडवतं आणि फुलाच्या मधोमध दोन किंजदलं शेंड्यापर्यंत जोडतं. त्यांचीच पुढे शेंग होते. ते जनुक बंद पाडायचं, एवढंच तिचं आयुष्य. लोक संसार थाटतात, ही तणाच्या संसारात बिब्बा घालत होती.

फुलं तांदळाच्या कणीएवढी. एकेक फूल सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं तर मान मोडते. म्हणून तिने मुंग्यांना कामाला लावलं होतं. रोपावर मुंग्या चढल्या म्हणजे मध आहे, जनुक शाबूत. फिरकल्या नाहीत तर आपलं काम फत्ते. मुंग्या पगार मागत नाहीत आणि पाठीमागे बोलतही नाहीत.

करार संपत आला होता. "या खेपेला काही निघालं नाही तर माझेही हात बांधलेले आहेत," असं विभागप्रमुख मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं.

घरी फक्त वडील. आयुष्यभर शिंपीकाम करून लोकांची पोटं मोजलेली, त्यामुळे माणूसजातीबद्दल फारसा भ्रम उरलेला नव्हता. थंडीत घर गारठायचं, म्हणून ती त्यांना सोबत काचघरात आणून बसवायची. तिथे ऊब होती, खुर्ची होती आणि उलट उत्तर न देणारी रोपं होती.

एका सकाळी पाहते तर तिच्या शेवटच्या ट्रेमध्ये एकाही रोपावर मुंगी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचे डोळे पाणावले. आनंदाची सवय नसल्याने तिला आधी सर्दीच वाटली. तिने मोठ्या बाईंना सांगितलं, बाईंनी लगोलग वर फोन केला.

मग फोटोसाठी म्हणून तिने एक फूल चिमट्याने उघडून भिंगाखाली धरलं. पुंकेसरांच्या बुडाशी मधग्रंथी गुबगुबीत बसलेल्या, वर मधाचा थेंब. दुसरं फूलही तसंच. किंजदलं गुण्यागोविंदाने जुळलेली.

ती सावकाश वळली. "बाबा, इथे काही टाकलंत?"

"पावडर. पायाला चावत होत्या मेल्या. टेबलाच्या चारी पायांशी नीट घातलीय."

"माझी नोकरी होती ती."

"मुंग्या?" म्हातारा विचारात पडला. "पगार काय द्यायच्या त्या तुला?"

गप्प बसावं, हा विचार व्हरांडाभर तिच्यासोबत चालला. बाईंच्या दारापाशी मात्र त्याने पाय मागे घेतला. तिने सगळं सांगितलं.

"आता वर काय कळवू?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी मुंग्या मारल्या?"

"मी फूल न बघता बोलले, हे कळवा."

बाईंनी फोनकडे गेलेला हात मागे घेतला. "सगळी रोपं तपासलीत?"

"नाही."

"मग तपासा. काही निघालं तर मला बोलवा. नाही निघालं तर टेबल रिकामं करा."

ती मान मोडेस्तोवर बसली. रोपामागून रोप, मध नुसता ओसंडत होता. चीड यावी इतकं ते जनुक ठणठणीत. कोपऱ्यात एक खुरटलेलं रोप होतं, अशुभ पाहुण्यासारखं. त्याच्या फुलात पुंकेसरांच्या बुडाशी काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत भाग. आणि किंजदलं वरती फाकलेली, एकमेकांशी वैर असल्यासारखी. तिने दुसरं फूल घेतलं, तिसरं घेतलं. सगळी तशीच.

"बघू," म्हणत म्हाताऱ्याने एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला. "वरची शिलाई राहिलीय. कुणाचं काम हे?"

"माझं."

"यासाठी शिकवलं होतं तुला?"

"हो, बाबा," ती म्हणाली आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेली.