साडूंची उजव्या बाजूची गाडी

२०२३ साली आमचे साडू त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि ओमानात मस्कतपासून दुक्मपर्यंत त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. हे मी मला धरून सांगतो. मी काही कमी नाही. चौथीत मास्तरांनी सगळ्यांसमोर कान धरला, तेव्हा दप्तर उचललं ते परत शाळेच्या पायरीवर चढलो नाही. पण साडूंपुढे मी म्हणजे मेणाचा माणूस.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघंही आम्ही गुहागरच्या खालच्या अंगाचे. ते मला साडू म्हणतात, मी त्यांना साडू म्हणतो, आणि मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या गॅरेजात केरळची जी पोरं आहेत, त्यांची आजही समजूत आहे की ह्या दोन म्हाताऱ्यांचं नाव एकच आहे. मी डेंटर. पत्रा ठोकून सरळ करण्यात माझा जन्म गेला, आणि माझा जोड कुणाला बोटानं चाचपूनही सापडला नाही, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन. साडू दुक्मच्या बंदरात क्रेनवर. क्रेनला ते ‘बाई’ म्हणायचे. ‘आज बाई जरा रुसली’, ‘बाईला तेल हवं’, असं चालायचं, आणि गावाला फोनवर हे ऐकून माझी मेव्हणी पहिली दोन वर्षं नीट जेवली नव्हती म्हणतात. उन्हानं डांबर वितळतं तिथं हा माणूस कंपनीच्या बसमध्ये माकडटोपी घालून बसायचा, कारण एसीचा वारा कानात शिरतो. बाकीचे हसायचे. साडू म्हणायचे, “हसा. सर्दी तुम्हाला होणार हाय.” आणि खरंच त्यांनाच व्हायची.

एकदा सुट्टीवर गेले तर रेशनकार्डावरून यांचं नाव उडालेलं. सारखे बाहेर म्हणून कुणीतरी कमी केलं होतं. दुसरा असता तर अर्ज देऊन मोकळा झाला असता. साडू तालुक्याच्या कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलासमोर बसले ते उठेचनात. साहेब म्हणाला, काका, काय हवंय? साडू म्हणाले, काय नको. मी जिवंत हाय हे तुम्ही बघा. दुपारचा डबाही तिथंच उघडला, साहेबाला बोंबलाची चटणी वाढली. नाव पुढं लागलं की नाही ते मला माहीत नाही, पण त्या दिवसाबद्दल बोलताना साडूंचा आवाज नेहमीसारखा चढत नसे. तीस वर्षं घरी पैसे धाडले आणि घराच्या कार्डावर आपण नाही, हे त्यांना लागलं होतं.

त्याच सुट्टीत पुतण्यानं नवीन गाडी आणली होती, आणि लग्नाला जाताना साडूंना मागच्या सीटवर, फणसांच्या शेजारी बसवलं. यांनी तरुणपणी मामाचा टेम्पो चिपळूणपर्यंत चालवलेला. इकडं ओमानात मात्र लायसन्स क्रेनचं, मोटारीचं नाही. परत आल्यावर मला म्हणाले, साडू, आता बसेन तर माझ्या गाडीत. मी म्हटलं, घ्या की एखादी जुनी. तर म्हणाले, “विकत कोण पण घेतो. मी करणार.”

मला वाटलं, हे खूळ चार दिवसांत उतरेल. चार महिन्यांत गाल्यात लाकडी पेट्या आल्या. विलायतेत म्हणे अशी सुटी गाडी मिळते. सांगाडा, फायबरचं अंग, नटबोल्ट सगळं ते धाडतात, इंजिन आपण कुठल्या तरी मोडक्या गाडीचं घालायचं. दोन माणसांची, वर टप नसलेली, शेकोटीपुढं बसल्यागत उकिडवी दिसणारी गाडी. आमचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक, मोठ्या मनाचा, त्यानं गॅरेजच्या मागची शेड दिली. मग साडू दर सुट्टीला दुक्मवरून बसनं यायचे, माकडटोपी काढायचे आणि पाना हातात घ्यायचे. पेटीत एक जाडजूड पुस्तक होतं, कुठला बोल्ट कुठं ते दाखवणारं. ते त्यांनी उघडलंच नाही. म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याला जमत असतं तर त्यानं अख्खी गाडी नसती का पाठवली? त्यामुळे पुढचा अॅक्सल तीनदा लागला आणि तीनदा निघाला. तिसऱ्या वेळी मी गुपचूप पुस्तकातलं चित्र बघून ठेवलं होतं. ते त्यांना आजही माहीत नाही.

आता खरी गोष्ट. सांगाड्याला स्टेअरिंगची भोकं दोन्ही बाजूंना होती. साडूंनी स्टेअरिंग उजवीकडे बसवलं. मी त्याच दिवशी सांगितलं, की साडू, हा ओमान आहे, इथं गाडी उजव्या अंगानं चालते आणि चालवणारा डावीकडे बसतो, उजव्या स्टेअरिंगला इथं नंबर देत नाहीत. म्हणाले, ही गाडी मी गावाला नेणार. इथं आधी कागद करायचे, मग जहाजातून मुंबई, मुंबईवरून घर. अर्बाबनंही एकदा डोकावून विचारलं, बाबा, ये उलटा क्यों? साडू म्हणाले, इन्शाल्ला. अर्बाबला वाटलं, बदलणार आहे. साडूंच्या मनात होतं, तुम्ही बदलाल.

गाडी उभी राहिली तेव्हा कंपनीनंही साडूंना वयाचं कारण सांगून हिशेब दिला. आता व्हिसा संपायच्या आत कागद व्हायला हवेत. इथं गाडीच्या कागदाला, म्हणजे आपल्या आरसी बुकाला, मुलकिया म्हणतात. मुलकिया नसेल तर गाडी म्हणजे शेडमधलं भंगार, आणि मालक गेला की भंगारवाला येणार. साडूंना हे पक्कं ठाऊक होतं. 

पासिंगला आम्ही तिला रिकव्हरीच्या, म्हणजे बंद गाड्या वाहणाऱ्या, गाडीवर चढवून नेलं. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कुठल्या कंपनीची? साडूंनी माझ्याकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. तो हसला आणि दुसऱ्या खिडकीवर धाडलं. अशा बऱ्याच खिडक्या झाल्या. अर्बाब दिशदाशाचा लांब झगा सावरत प्रत्येक खिडकीवर आमच्यासाठी भांडला, हे त्याचे उपकार. शेवटी एक तरुण ओमानी इन्स्पेक्टर बाहेर आला. बारीक दाढी, बोलायला गोड. तो खाली वाकला, वेल्डिंग बघितलं, माझ्या पत्र्यावरून हात फिरवला आणि “मुमताज” म्हणाला. म्हणजे उत्तम. मी नुसती मान हलवली. हात फिरवणारा जाणता होता एवढंच म्हणेन. दिवे बघितले, ब्रेक बघितले, सगळं ठीक. मग चालवून बघायला म्हणून त्यानं डावीकडचं दार उघडलं, रुबाबात आत बसला आणि दोन्ही हात पुढं केले. हातात काहीच आलं नाही. त्यानं उजवीकडे वळून बघितलं, तर तिकडं आमचे साडू स्टेअरिंग धरून, नवरदेवासारखे, त्याच्याकडे बघत बसलेले.

अर्बाबनं कपाळाला हात लावला. इन्स्पेक्टर रागावला नाही. म्हणाला, “बाबा, ये ओमान है. स्टेअरिंग इधर.”

साडू म्हणाले, “मालूम है. गाडी इधर की नहीं है. मेरे गाव की है.”

“फिर नंबर इधर का क्यों मांगता है?”

मी साडूंना चाळीस वर्षं ओळखतो. धरलेलं स्टेअरिंग त्यांनी आपणहून सोडलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

 मस्कतच्या हमरिया भागात माझ्या खोलीवर आल्यावर त्यांनी पुतण्याला फोन लावला. तो तिकडं आरटीओच्या बाहेर एजंटाचं काम करतो. त्याला विचारलं, अशी हातानं केलेली गाडी आणली तर नंबर मिळेल ना? पुतण्या आधी हसला. मग काका गंभीर आहेत हे कळल्यावर त्यानं नीट सांगितलं, की काका, कंपनीच्या नावाशिवाय इकडं गाडीला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही. आणा, अंगणात ठेवा, वर कोंबड्या बसतील. साडूंनी फोन ठेवला. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.  अशा वेळी बोलणारा माणूस मला आवडत नाही.

पुढचे काही दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत. मग एका शुक्रवारी, गॅरेज बंद असताना, मी सहज मागं गेलो तर साडू गाडीखाली आडवे. स्टेअरिंग काढून बाजूला ठेवलेलं. मी आलो हे त्यांनी पावलांवरून ओळखलं. खालूनच म्हणाले, “साडू, तिकडं नाव लागत नाय. मग हिकडं लागू दे. कुठंतरी लागलं पायजे.”

मी शर्ट काढून खुंटीला लावला. भंगारातून डाव्या बाजूचा स्टेअरिंगचा रॅक शोधून आणला, पेडलं हलवली, डॅशबोर्डाला डावीकडे नवीन भोक पाडलं. राहिलं उजवीकडचं जुनं भोक. त्यावर मी गोल पत्रा कापून वेल्ड केला, घासला, आणि आता लांबी, म्हणजे पुट्टी, लावून रंग मारला की देवालाही कळणार नाही, असं म्हणालो. साडू म्हणाले, लांबी नको. दिसू दे.

इथं आमचं वाजलं. मी म्हटलं, माझ्या हातचा जोड आजवर कुणाला दिसलेला नाही. ह्या वयात मला लाज आणता? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला. ते म्हणाले, लोकांना सांगा, मालक येडा हाय. मी ग्राइंडर खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो. ते आत बसले. दुपारी भूक लागल्यावर दोघंही एकदमच उठलो, म्हणून कोण हरलं ते ठरलं नाही. पण पत्रा तसाच राहिला, उघडा, माझ्या वेल्डच्या कड्यासकट. मान्य करतो, कडं देखणं आलं होतं.

दुसऱ्या खेपेला तोच इन्स्पेक्टर. त्यानं डावीकडचं दार उघडलं, आणि आत हात घालून स्टेअरिंग आहे याची आधी खात्री करून घेतली. मग गाडी अशी पळवली की मागून धुळीचा पडदा. परत आला तेव्हा डोक्यावरची टोपी तिरकी आणि तोंडभर हसू. आत बरीच चर्चा झाली. शेवटी कार्ड हातात आलं. मला अरबी वाचता येत नाही, मराठीही जरा थांबून वाचतो, म्हणून अर्बाबनं वाचून दाखवलं. मालकाचं नाव साडूंचं. गाडी कुठं बनली, तिथं लिहिलं होतं, उमान, म्हणजे अरबीतलं ओमान.

“फिर से पढो,” साडू म्हणाले. अर्बाबनं पुन्हा वाचलं, आधी नाव, मग उमान. साडूंनी कार्ड घेऊन शर्टाच्या आतल्या खिशात घातलं, आणि इन्स्पेक्टरला म्हणाले, गावाला या, बोंबील खिलाता है. मी तिथं उभा होतो. माझा पत्रा, त्यांचे बोल्ट, आणि सरकारचा शिक्का. दोन राजवाडे बांधणाऱ्याला एवढी ऐट येत नसेल.

दुसऱ्या दिवशी रात्रीचं त्यांचं विमान होतं, आणि गाडी माझ्याकडे राहणार होती. त्या सकाळी, पहाटेची बांग झाल्यावर, साडूंनी मला हलवून उठवलं. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, यल्ला साडू, चालवा. मोटारीचं लायसन्स माझं, म्हणून मी डावीकडे बसलो. ते वळसा घालून उजवीकडे आले, आत बसले, माकडटोपी कानांवर ओढली, आणि उजवा हात त्या गोल पत्र्यावर ठेवला. चला, म्हणाले, चिपळूण सुटलं.

रस्ता मोकळा होता. मी गाल्याकडून निघून मोठ्या रस्त्याला लागलो. साडूंचे डोळे मिटलेले, हात पत्र्यावर, आणि तो हात वळणावळणाला थोडा फिरत होता. शृंगारतळी आली, म्हणाले, आमच्या गुहागरच्या वाटेवरचं गाव, जरा हळू, आज बाजार. मी हळू केली. पुढं एकदा म्हणाले, हा उतार, ब्रेकवर पाय ठेवा. उतार नव्हता, तरी ठेवला.

“मोडका आगर,” ते म्हणाले. “आता डावीकडे. घर आलंच.”

समोर सिग्नल लाल होता. हिरवा होईपर्यंत मी थांबलो, आणि डावीकडे घेतली.