लिंबाने खाल्लेली तोटी

मास्त्रो लोरेंत्झोसच्या लेखी संगमरवर तेवढा दगड, बाकी सगळी खडी. चाळीस वर्षं या उस्ताद पाथरवटाने आमच्या बेटावरच्या दारांवर जहाजं कोरली, सुरूची झाडं कोरली, आणि निम्म्या गावाच्या थडग्यांवर नावं घातली. उरलेल्या निम्म्यांची नावं त्याच्या मनात आधीच मापून तयार आहेत असं लोक म्हणतात, आणि तो ते नाकारत नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दिवसातून दोनदा पाव आणतो. एकट्या माणसाला दोन वेळचा ताजा पाव लागतो कशाला, हे गावाने केव्हाच हेरलं होतं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं फक्त त्यालाच वाटायचं.

पावाची भट्टी मारुसोची. विधवा, चोपन्न वर्षांची, हाताची खमकी आणि जिभेची त्याहून. तिने सिगारेट सोडून व्हेप धरला होता, तोही लिंबाच्या स्वादाचा. गल्ल्यामागे उभी राहून ती वाफ सोडायची तेव्हा गरम पावाच्या वासात लिंबाची बाग मिसळायची. लोरेंत्झोस पाव काखोटीला मारून, काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून तिथेच रेंगाळायचा.

मे महिन्यात एका सकाळी तिच्या व्हेपची तोटी तडकली. टाकीच्या डोक्यावर बसवतात आणि ओठांत धरतात, ती.

"मेली तापतेही फार," मारुसो म्हणाली. "ओठ भाजतात नुसते."

"मी करून देतो," लोरेंत्झोस म्हणाला.

"कशाची?"

मासे कुठे राहतात असं विचारल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "संगमरवराची. आणखी कशाची?"

तोटी हे निमित्त होतं. पंधरा ऑगस्टला पानायियाचा, म्हणजे देवमातेचा उत्सव. त्या दिवशी एकटी बाई ज्याच्या बरोबरीने चौकातून देवळाची चढण चढते, त्याच्याशी तिचं ठरलं, असं गाव धरून चालतं. 'माझ्याबरोबर चढशील का?' एवढंच लोरेंत्झोसला मारुसोला विचारायचं होतं. दोन उन्हाळे ते राहूनच गेलं होतं. आता तोटी हातात ठेवायची आणि विचारून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

हाताएवढी छिन्नी चालवणाऱ्या माणसाला बोटाच्या पेराएवढा दगड जड गेला. आधी बाहेरून घडवावा तर भोक पाडताना फुटतो, म्हणून आधी भोक आणि मग आकार. पाण्याची धार सोडून तो ड्रिल चालवी. सहा फुटल्या. सातवीला खालच्या बाजूला रबराच्या कड्यांसाठी दोन खाचा पडल्या, वरचा ओठ वळला, आणि घासून घासून ती लोण्यासारखी झाली. ती घेऊन तो भट्टीवर गेला, मारुसोच्या हातात दिली, आणि तोंडातून निघालं काय, तर "आणखी एक तिळाचं कडबोळं दे."

जुलैत एका दुपारी मारुसो पिठाच्या हातांनीच झानीसच्या कॉफीखान्यात आली. सगळे बसलेले. तिने तोटी लोरेंत्झोसच्या पुढ्यात ठेवली. तकाकी गेलेली, कडेला बारीक खड्डे पडलेले.

"ओठ सोलला माझा," ती म्हणाली.

झानीसने ती उचलली, अंगठ्याने चाचपली, नाकाशी नेली. "लिंबू," तो म्हणाला.

पत्ते खाली ठेवले गेले. आमच्या गावात मोरी संगमरवराची, टेबल संगमरवराचं, उंबरा संगमरवराचा. त्यावर लिंबू चिरू नये, डाग पडतो, दगड खाल्ला जातो, हे मूल चालायला लागायच्या आधी शिकतं.

"मास्त्रो," झानीसने सुरुवात केली, "गेल्या वर्षी याच टेबलावर लिंबू पिळलं म्हणून तू एका जर्मन बाईचा उद्धार केला होतास."

"केला होता."

"परत आली नाही ती."

"बरं झालं."

"आणि आता स्वतःच?" झानीसने तोटी उजेडात धरली. "बरं का मंडळी, म्हातारा झाला की माणूस नावं विसरतो, चष्मा विसरतो. संगमरवरवाला लिंबू विसरला, तर ते म्हातारपण नव्हे. त्याला दुसरंच काहीतरी झालेलं असतं."

सगळ्यांनी आधी लोरेंत्झोसकडे पाहिलं, मग मारुसोकडे. लोरेंत्झोसचे कान टोमॅटोसारखे झाले.

"मी लिंबू सोडणार नाही," मारुसो शांतपणे म्हणाली.

"सोड म्हटलंय कुणी?"

"मग दगड बदल." आणि ती गेली.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या किनाऱ्यावरून टोपलीभर काळे गोटे घेऊन वर आला. प्रत्येकावर लिंबू पिळलं, सकाळी पुसून पाहिलं. एकावरही डाग नव्हता. छिन्नी मात्र त्यांच्यावरून उडायची. शेवटी ज्या फरशीवाल्याला त्याने आयुष्यात कधी रामराम घातला नव्हता, त्याच्याकडून हिऱ्याचं ड्रिल उसनं आणावं लागलं.

"काय मास्त्रो, खडी?" येणारे जाणारे विचारायचे.

"खडी," तो मान वर न करता म्हणायचा.

बारा ऑगस्टला, भट्टी बंद व्हायच्या वेळी, त्याने काळी तोटी गल्ल्यावर ठेवली. मारुसोने ती बसवली, एक झुरका घेतला, सावकाश सोडला.

"थंड लागते."

"लिंबू हिला काही करणार नाही. पाहिलंय मी."

"किती दिवस लागले?"

"अकरा."

"तोटीचं नाही विचारत."

लोरेंत्झोसने टोपी काढली, पुन्हा घातली. "तीन उन्हाळे," तो म्हणाला. "चढशील का माझ्याबरोबर, पंधराला?"

"चढेन. पण हळू. गुडघा दुखतो माझा, आणि मला कुणी ओढलेलं चालत नाही."

पंधराला दोघं चौकातून निघाली. झानीस कॉफीखान्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्या वळणावर मारुसो दम घ्यायला थांबली, तिने खिशातून व्हेप काढला. लोरेंत्झोस शेजारी उभा राहिला, समुद्राकडे बघत, तिची वाफ विरेपर्यंत. पाद्रीबुवांनी घंटा पाच मिनिटं उशिरा, दोघं देवळाच्या दारात पोचल्यावरच वाजवली. दोरी अडकली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.