बाळाच्या पायांशी

चाळिशीत परिचारिका झालेल्या आणि त्याहूनही उशिरा लेखणी हाती धरलेल्या बाईने आपले अनुभव सांगावेत, हे धारिष्ट्यच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण आज दुपारपासून मला स्वस्थ बसवत नाही.

नवजात बाळांच्या कक्षात पाठवण्यापूर्वी रुग्णालयाने मला आधी ऑनलाइन प्रशिक्षण दिले. कोलार रोडवरच्या घरी, मोबाईल डब्याला टेकवून, टॉवेल गुंडाळून त्याचेच बाळ करून मी शिकले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मास्कने श्वास कसा द्यायचा, हे थांबवून थांबवून पुन्हा पाहिले. माझ्यासारख्या भिडस्त बाईला ते वरदानच वाटले. कितीही वेळा मागे गेले तरी मोबाईल कपाळाला आठ्या घालत नाही.

मग जवाहर चौकाजवळच्या सभागृहात प्रत्यक्ष प्रशिक्षण झाले. टेबलावर रबरी बाळ होते. माझी पाळी येताच मी आत्मविश्वासाने त्याच्या पायांशी जाऊन उभी राहिले.

"अरे दीदी, बच्चे के पैर पड़ रही हो क्या?" शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्याजणी हसल्या.

चित्रफितीत कॅमेरा बाळाच्या पायांच्या बाजूला ठेवलेला होता. पडद्यावर दिसले तसेच, त्याच बाजूने, मी घरी सराव करत आले होते! सिस्टरांनी खांद्यांना धरून मला डोक्याशी आणले, माझ्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवली. "दबाना नहीं, बस थामना." मास्क बसला, हवा आत गेली, रबरी छाती वर आली.

आज मेट्रनबाईंनी बोलावले. यापुढे दोन्हींपैकी एकच प्रशिक्षण ठेवायचे आहे.

"दोन्ही तुम्ही केलंय. उद्या सकाळी सांगा, तसं ठरवते."

"मी काय सांगणार, बाई?"

"लाजत बसू नका हो. बाळं थांबत नाहीत."

तुलसी नगरातून येणाऱ्या एका नव्या सिस्टरने हा कक्ष मागून घेतला आहे. तिचे स्वतःचे बाळ अजून अंगावर पिते. दिवसदिवस सभागृहात बसणे तिला जमणार नाही. मी सभागृह म्हटले, तर तिची संधी जाते. ऑनलाइन म्हटले, तर उभे कुठे राहायचे एवढे मी तिला सांगेन. पण जी चूक तिची तिलाच दिसत नसेल, ती कोण दाखवणार?

भाजी चिरता चिरता माझा अंगठा आणि तर्जनी मास्क धरल्यासारखी वळतात. मी सुरी खाली ठेवते, पुन्हा उचलते.

माझ्या जागी तुम्ही असता, तर मेट्रनबाईंना काय सांगितले असते?