तिसरी साद

दुपारच्याला पाव्हणं जेवायला जात्यात, तवा मी गडावरच्या बागंत जांभळीखालच्या बाकावर आडवा व्हतो. डोक्याखाली पिशवी, तोंडावर टोपी. सकाळपासनं बार्शीच्या एका कुटुंबाला गड दाखवतोय, ते जेवून येतो म्हणालंय. टोपीच्या कापडातनं ऊन बारीक बारीक दिसतंय. माळ्याच्या पाइपाचं पाणी कुठंतरी पडतंय. पडता पडता लांब जातंय. आणि कोणतरी माझ्या पायावर चापट मारतंय.

"सरक की. बाक काय तुझ्या बाच्या नावावर हाय?"

टोपी काढतो तर दस्तगीर.

दस्तगीर मुजावर. त्याला जाऊन सव्वा वरीस झालं. पर स्वप्नात असलं कुठं ध्यानात येतंय? मी सरकतो. तो बसतो. इस्त्रीचा सदरा, गळ्यात कॅमेरा, पायात नवी चप्पल. पाव्हण्यावाणी.

"पिराजी, गड बघायला आलोय. दाखवणार काय?"

"तुला? हितंच जन्म गेला की तुझा."

"भिंतीमागं गेला, मर्दा. म्होरनं कवा बघितलाय?"

आता ह्यातली गोम तुमाला सांगायला पायजे. आमच्या गडाला हाकेचा कडा हाय. तितं उभं ऱ्हाऊन वरडलं की दरीतनं साद तीनदा येती, असं मी चाळीस वरसं पाव्हण्यांना सांगितलं. येती दोनदाच. तिसरी दस्तगीर द्यायचा. पडक्या भिंतीमागं बसून, घसा लवंगंवर ठेवून, हुबेहूब माझ्या आवाजात. कुण्णाला कळलं न्हाई. पुढं पुढं त्याची साद घोगरी यायला लागली. एक दिवस आलीच न्हाई. पाव्हणं बोटं मोजून हसलं. सांजच्याला मी त्याला म्हणालो, "घसा गेलाय तुझा. उद्यापासनं येऊ नगंस." तो लवंगंची पुडी खिशात घालून गेला. परत आला न्हाई. तीन आठवड्यांनी त्याला कबरस्तानात नेला. घशातच दुखणं व्हतं म्हणं. मला काय ठावं?

तवापासनं मी पाव्हण्यांना बागंतनंच माघारी फिरवतोय. कडा बंद हाय म्हणतो.

"चल," मी म्हणतोय.

बागंतनं दोन पावलं टाकतो तर भैरोबाच्या देवळात. मधला चढ गेला कुठं, विचारत न्हाई. मी माझं पाठ झालेलं सुरू करतो. हा खांब एका दगडाचा, ही दीपमाळ अमक्या राजाची. दस्तगीर मान हलवतोय, मधनंच फोटू काढतोय.

"मस्त सांगतोस की रं. भिंतीमागं निस्ती भुणभुण ऐकू यायची."

तो घंटा वाजवतो. लोलक हलतोय, पर आवाज न्हाई. परत वाजवतो. न्हाई.

"तिचा बी घसा गेला वाटतं," तो म्हणतोय. हसत म्हणतोय. मी पायरीकडं वळतो.

देवळाची पायरी उतरलो की परत बाग. पर गुलाबाच्या वाफ्यात एसटीची बाकडी मांडल्यात. पाव्हणं आमच्याकडं पाठ करून बसल्यात, एकजण वळत न्हाई. समदी बोटं मोजत्यात. एक, दोन. एक, दोन.

"दस्त्या, मी त्या दिवशी बोललो ते..."

"कडा कुठं हाय?" तो विचारतोय.

कडा समोरच हाय. तो पार कडंला जाऊन उभा ऱ्हातो. खाली दरी, पलीकडं डोंगरामागं डोंगर, शेवटचा तर धुरागत निळा.

"हितनं असं दिसतंय व्हय," तो म्हणतोय.

चाळीस वरसांत एक डाव मी त्याला म्हणालो न्हाई, की दस्त्या, म्होरं ये, बघून घे.

"मार हाक. गिऱ्हाईक हाय मी."

"ओ पाव्हणंऽऽ," मी वरडतो.

एक येती. दोन येती. मग वारं.

"तिसरी?" तो बोट उभं धरून विचारतोय.

"तू हितं हायस. मग तिसरी कोण देणार?"

"जा की मागं. येवढी वरसं मी बसलो, एक डाव तू बस."

मी भिंतीमागं जातो. पहिल्यांदाच. मला आपलं वाटायचं तितं सावली असंल, झाड असंल एखादं. काय न्हाई. बुडाला पोळणारा एक गुळगुळीत धोंडा, विझलेल्या बिड्या, निवडुंग. नाकाला लागंल अशी भिंत. दरी दिसत न्हाई, डोंगर न्हाई, पाव्हणं न्हाईत. निस्तं कान लावून बसायचं, की पिराजी कवा वरडतोय.

पलीकडनं हाक येती. "ओ पाव्हणंऽऽ." दस्तगीरचा आवाज, जवानीतला, खणखणीत. एक येती. दोन येती. आता माझी पाळी. मी तोंड उघडतो. घशातनं वारा बी भाईर पडंना. मी भिंतीवर हात आपटतोय. दस्त्या, हाय मी हितं, गेलो न्हाई. शब्दच न्हाई फुटत.

भिंतीवरनं एक हात खाली येतोय. करंगळीचं नख काळं, त्याचाच.

"आधी लवंग धर," तो पलीकडनं म्हणतोय. "मग बोल काय बोलायचं ते."

मी मूठ मिटतो.

"काका, उठा की. किती हाका मारायच्या?"

बार्शीच्या बाई. मागं त्यांचं मालक, दात कोरत. पाइपाचं पाणी परत जवळ आलंय, टोपी मातीत पडल्या.

"काका, देऊळ झालं, बाग झाली. अजून काय राहिलंय का बघायचं?"

मी उठून बसतो. उजवी मूठ मिटलेलीच हाय, बोटं आखडल्यात. एकेक बोट सोडवतो. आत लवंग. दस्तगीर लवंगंचं फूल दातानं तोडून थुकायचा आणि निस्ता दांडा गालात ठेवायचा. हिला फूल न्हाई.

मी दांडा गालात ठेवतो. झोंबतोय.

"हाकेचा कडा ऱ्हायलाय," मी म्हणतो.

"तिथं काय?"

"हाक मारायची. दरीतनं साद येती."

"किती वेळा?" मालक विचारत्यात.

"दोनदा," मी म्हणतो. "पयलं तीनदा यायची."