काचेला आधी दिसलं

ग्वाल्हेरच्या पलटणीच्या बँडात कान्होजी भापकर क्लॅरिनेट वाजवायचा. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर आले ते घोड्यावर बसून. कान्होजीच्या वाट्याला परेडचं मैदान आणि ओठांत धरायचं वाद्य आलं. त्याची तक्रार नव्हती. पण चौतिशीपर्यंत त्याला कशाचंच वेड असं लागलं नव्हतं.

१९१२ च्या थंडीत ग्वाल्हेरलगतच्या मुरारचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. कान्होजी गेला होता आरामखुर्ची बघायला. अंगणात तिपाईवर लाकडी पेटी उभी होती, तिच्यावर काळं कापड.

"झाँक के देखो, जमादार," खानसामा म्हणाला.

कान्होजीनं कापडात डोकं घातलं आणि दचकून बाहेर काढलं. पुन्हा घातलं. आतल्या दुधी काचेवर समोरचा रस्ता उलटा लटकत होता. टांगा चाकं वर करून चालला होता, लिंबाची पानं खाली हलत होती, सगळं रंगासकट, आणि सगळं मुकं. रोजचाच तो रस्ता. लोक हसायला लागले तरी तो बाहेर येईना. संध्याकाळी आरामखुर्चीऐवजी कॅमेरा घरी आला.

"बसायचं कशावर?" बायकोनं, सुधानं, विचारलं.

पेटीबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं. शेजारचे गोपाळकृष्ण टिळवे पोस्टात होते, ते वाचून अर्थ सांगायचे. कान्होजीनं धान्याच्या कोठीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, कंदिलाला लाल कापड गुंडाळलं आणि भरदुपारी आत काळोख करून तो फोटो घेतलेल्या काचा औषधात धुऊ लागला. पहिल्या आठ काचा कोऱ्या नाहीतर काळ्याकुट्ट. नवव्या काचेवर पाण्यात हळूहळू एक खिडकी उमटली, तेव्हा तो कोठीतूनच ओरडला, "आली! आली!" सुधा हातातली पोळी टाकून धावली. बँडमास्तर कुरकुरू लागला, की भापकरच्या बोटांना औषधांचा वास येतो आणि लक्ष सुरांत नसतं.

चैत्रात त्यानं सुधाला पायरीवर बसवलं, शेजारी टिळव्यांची आठ वर्षांची विजया. सुधाला हसू आवरेना. काच सुरेख उतरली. पण उन्हात कागदावर छापली, तर सुधाच्या कपाळावर, गालांवर बारीक काळे ठिपके.

"काचेवर धूळ बसली असेल," टिळवे म्हणाले.

"मग विजयाच्या तोंडावर का नाही? भिंतीवर का नाही?"

कान्होजीनं सुधाला उजेडात नेलं, हनुवटी धरून चेहरा न्याहाळला. लख्ख, नितळ कातडी. "काय बघता?" ती लाजली. त्यानं दुसऱ्या दिवशी एकटीचा फोटो घेतला, नव्या डब्यातल्या काचेवर. ठिपके होतेच, उलट वाढले होते. ओला कागद हातात धरून तो कोठीच्या दारात उभा राहिला. समोर सुधा भाजी चिरत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. चौथ्या दिवशी अंगावर देवी उठल्या, आणि त्या नेमक्या तिथे, जिथे कागदावर ठिपके होते.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, तेव्हा कान्होजीनं दोन्ही कागद पुढे केले.

"हे कधीचे?"

"ताप यायच्या आधीचे."

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. कागद पाहिले, सुधाकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिले. "डोळ्याला न दिसणारी फिकी छटा काचेला गडद दिसते, असं ऐकलं होतं. प्रत्यक्ष आज बघतोय. पोरीला देवीची लस टोचलीय का?"

टिळव्यांनी मान डोलावली. विजयाला टोचलेलं होतं, सुधाला नव्हतं.

कान्होजीच्या डोक्यातून मात्र एकच गोष्ट जाईना. तो तिची हनुवटी धरून बघत होता. इतक्या जवळून. आणि त्याला काही दिसलं नव्हतं.

आळीत आधी बोलणं झालं, की पेटीनंच देवी आणली, नदीत टाका ती. मग डॉक्टरांचं म्हणणं पसरलं आणि एका सकाळी दार उघडतो तो बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. "भापकर, आमच्या पोराचं बघा ना, काही निघतंय का?" त्याला नाही म्हणवेना. सात पोरांचे फोटो काढले. सगळे स्वच्छ. बायका सुटकेचा श्वास टाकून गेल्या.

सहा दिवसांनी त्यांतली कुसुमताई रिकाम्या हातांनी दारात आली. तिचा गोविंद तापानं फणफणला होता. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही तर बिलकुल साफ म्हणाला होतात. मी टोचायला नेलं नाही त्याला."

कान्होजी तसाच निघाला, टोचणाऱ्याला हाताला धरून आळीत घेऊन आला आणि घरोघर सांगत हिंडला, "काचेवर भरवसा ठेवू नका. टोचून घ्या." गोविंद वाचला, एका डोळ्यानं अधू होऊन. कॅमेरा कान्होजीनं माळ्यावर टाकला.

सुधा दीड महिन्यानं उठली. चेहरा व्रणांनी भरला होता. तिनं आरसा मागितला नाही, ते फोटो मागितले. त्यानं टाळाटाळ केली, शेवटी दिले. तिनं ते उजेडात धरले.

"अहो, मी हसतेय यात," ती हळूच म्हणाली. "अंगात एवढं घेऊन बसलेय, आणि हसतेय."

त्यानं फोटो घ्यायला हात पुढे केला, पण तिनं ते सोडले नाहीत.

"मला शिकवा हे."

"काय?"

"कोठीत काय करता ते."

त्यानं माळ्यावरून कॅमेरा खाली उतरवला.

वर्षभरानं कान्होजीनं बँड सोडला आणि टोपी बाजारात फोटो काढायला एका दुकानाच्या वरची खोली घेतली. शहराच्या लष्कर भागातल्या खानदानी बायका परपुरुषासमोर बसायला तयार नसत; त्यांचे फोटो सुधाताई काढायच्या. बायका पहिल्यांदा सुधाताईंच्या चेहऱ्याकडे बघून दचकत, मग पदर सारखा करायच्या आणि निवांत बसायच्या. कान्होजी बाहेर जिन्यात थांबायचा; आतून "हलू नका हं" असं ऐकू आलं, की काच धुवायची औषधं काढायला उठायचा.