डोमनलालचं चोवीसचं अक्षर

डोमनलाल टेंभरे सकाळी सव्वासहाला कार्यालयात जातात, ही बातमी देवरीत पसरली तेव्हा लोकांनी दोनच तर्क केले. एक, घरी बायकोशी, गिरजाबाईंशी, बिनसलं असावं. दोन, बढती जवळ आली असावी. दोन्ही चूक होते.

डोमनलाल एका संस्थेत टायपिस्ट होते. धानाचा कुठला वाण कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, येतो, किती दिवसांत निसवून लोंबी धरतो, भाताला वास कसा, असं गावोगावच्या शेतकऱ्यांनी सांगितलेलं हाताने लिहून यायचं आणि इथे तिघं जण ते संगणकावर चढवायचे. सत्तावन्न वर्षांचे डोमनलाल, पंचविशीतली गुंजन, आणि दीड महिन्यापूर्वी लागलेली योगेश्वरी.

तिघांच्या वर बोपचे साहेब. साहेबांना एकसारखेपणाचं भारी वेड. खुर्च्या एका रंगाच्या, पाण्याच्या बाटल्या एका मापाच्या. टाइप करायच्या एडिटरची सेटिंगसुद्धा त्यांनी सर्वांना मिळून एकच ठेवली होती. सर्व्हरवर एक फाइल. तिच्यात अक्षराचा आकार आणि पडद्याचा रंग लिहिलेला. एडिटर उघडला की तिघांच्याही पडद्यावर तेच दिसायचं. ती फाइल आधी येऊन कोणी बदलायला उघडून ठेवली, की बाकीच्यांना तिला हात लावता येत नसे.

डोमनलालना पांढऱ्या पडद्यावर चोवीसचं अक्षर लागे, गुंजनला काळ्यावर अकराचं. गुंजन आधी आली तर डोमनलाल दिवसभर पडद्याला नाक लावून बसत. ते आधी आले तर गुंजनच्या पडद्यावर जेमतेम डझनभर ओळी मावत. म्हणून गुंजन दहाऐवजी साडेनऊला येऊ लागली. मग हे नऊला. ती आठला. हे सातला. शेवटी सव्वासहाला येऊन, फाइल उघडून, तिच्यापुढे राखण करत बसू लागले.

साहेबांनी हजेरी पाहिली आणि त्यांना भरून आलं. आपल्या प्रेरणेने कर्मचारी उजाडताच कामाला लागतात, असं त्यांनी वर कळवलं. वरून प्रशस्तिपत्र आलं. साहेबांनी ते आपल्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलं, म्हणजे फोटोत दोघंही यावेत.

एका सकाळी योगेश्वरीला भावाने मोटरसायकलवर लवकर सोडलं. बघते तर डोमनलाल एकटेच बसलेले.

"काऊन जी काका, इतक्या सकाळी काय करून राहिले?"

"फाइल धरून राहिलो," डोमनलाल म्हणाले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

योगेश्वरीला हसू आवरेना. "अवो काका, हा एडिटर दोन जागी सेटिंग वाचते. पहिले सर्वायची मोठी फाइल, मंग आपापल्या फोल्डरातली लहान. लहानीत जे लिहिलं, ते आपल्यापुरतं चालते. जे नाही लिहिलं, ते मोठीतलं."

"म्हंजे माहा चोवीस माह्याजवळ?"

"आन गुंजनताईचा अकरा तिच्याजवळ."

"साहेबाले विचारा लागन?"

"कायले?"

दोन ओळींच्या दोन लहान फाइली झाल्या. मोठी फाइल योगेश्वरीने पुन्हा साहेबांच्या मूळ बारावर नेऊन ठेवली. डोमनलालच्या पडद्यावर अक्षरं टम्म फुगली. पण चोवीसवरही ते उजवा डोळा मिटून वाचतात, हे तिने पाहिलं.

"काका, उजव्यानं वाचून दाखवा बरं."

"दाखवीन," डोमनलाल म्हणाले, "पण आज नाही."

त्या डोळ्यात आठ महिन्यांपासून मोतीबिंदू पिकत होता, आणि डावाही आधीपासून अधू. नोकरी कंत्राटी. सांगितलं तर घरी बसवतील, म्हणून त्यांनी कोणालाच कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळे दहाला येऊ लागले. साहेब हादरले. ज्या हजेरीसाठी प्रशस्तिपत्र आलं, तीच गेली! चौकशी झाली, लहान फाइली सापडल्या, तिथल्या तिथे पुसल्या गेल्या. शिवाय परिपत्रक निघालं: "वैयक्तिक सेटिंग ही बेशिस्तीची सुरुवात आहे." ते पडद्यावर बाराच्या अक्षरात सर्वांसमोर वाचायचा मान साहेबांनी ज्येष्ठ म्हणून डोमनलालना दिला.

डोमनलाल पडद्याकडे बघत राहिले. अंदाजाने दोन ओळी ठोकून देता आल्या असत्या. पण आठ महिने अंदाजावरच काढले होते, आणि आता त्यांना त्याचा कंटाळा आला.

"साहेब, मले दिसत नाही. मोतीबिंदू हाये."

साहेब खाकरले. "मग मीच वाचतो." ते पडद्याजवळ गेले, मागे सरकले, पुन्हा जवळ गेले. "परिपत्रक क्रमांक… तीन. आठ?"

"पाच, सर," गुंजन म्हणाली.

साहेबांचा चष्मा घरीच असायचा. चष्म्यात माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत होतं. ते योगेश्वरीकडे वळून हळूच म्हणाले, "हे जरा मोठं कर. फक्त माझ्यापुरतं."

"तेच तर केलं होतं, सर," ती म्हणाली.

आठवड्याने सुधारित परिपत्रक निघालं. वैयक्तिक सेटिंगला परवानगी, मात्र सर्वांनी एकाच नमुन्यात अर्ज करावा. पहिला अर्ज साहेबांचाच होता, अठ्ठावीसचा.

डोमनलालनी त्या संध्याकाळी गिरजाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "आठ महिने तांदूळ तुम्हीच निवडून राहिले, आन भातात खडे निघते म्हणून मले बोलून राहिले होते ना तुम्ही?" आणि मग पदराने डोळे पुसत त्यांनी गोंदियाला जायची पिशवी भरायला घेतली.

ऑपरेशन नीट झालं. घरी कोणी बसवलं नाही. महिन्याने डोमनलाल कामावर आले आणि त्या आठ महिन्यांत आपण टाइप केलेली पानं दोन्ही डोळ्यांनी वाचू लागले. एका धानाची उंची साडेतीन फूट होती. त्यांनी साडेतीस लिहिली होती. ते घाबरून साहेबांकडे गेले.

ते पान साहेबांच्या सहीने कधीच वर गेलं होतं. साहेबांनी टेबलावरचं पत्र पुढे सरकवलं. त्या साडेतीस फुटी धानाचं बियाणं वरून तातडीने मागवलं होतं.